ज्या देशात कुणाचं कुणी नाही

रविवारी बेंद्रे डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो
म्हणून आम्ही तिथे वाचतो.
सहकारनगर नंबर दोन, जिना चढून डावीकडे.
दातांच्या साच्याखाली दाबलेले वर्गणीचे हिशेब,
भिंतीवर हिरड्यांचं रंगीत चित्र,
आणि खुर्च्या, ज्यांवर आठवडाभर
लोक गाल धरून बसलेले असतात.

ह्या वेळी परदेशातलं घेऊ, असं ठरलं.
पण मराठीत आलेलं. ओव्हाळांना इंग्रजी चालत नाही.
"चालतं, मी चालू देत नाही," ते म्हणतात.
खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं
मेमो इंग्रजीतच मिळाले त्यांना.

अट रास्त्यांनी घातली:
देश असा हवा, जिथे आपल्यापैकी
कुणाचं कुणी नाही.
नाहीतर पुस्तक राहतं बाजूला
आणि नातवाच्या बर्फातल्या फोटोंवर तास जातो.

मग देश गळू लागले.
अमेरिका तर उच्चारायच्या आधीच.
जर्मनी, खळदकरांचा जावई.
ऑस्ट्रेलियाला दोन हात वर.
जपानला खुद्द रास्त्यांचाच पुतण्या,
म्हणून चहा त्यांच्याकडून.
आइसलँडला कुणी नव्हतं,
पण खळदकर टूरबरोबर सहा दिवस जाऊन आले होते,
ते धरायचं की नाही यावर पंधरा मिनिटं.
शिकलगारबाई म्हणाल्या,
सहा दिवस म्हणजे नातं नाही, फार तर ओळख.

तेवढ्यात बेंद्रेबाईंनी पिशवीतून एक काढलं.
पातळसं. अप्पा बळवंत चौकात
गाइडांच्या गठ्ठ्यामागे सापडलेलं,
किंमत खोडून नवी घातलेली.
एस्टोनिया.
हे कुठे आलं?
रास्त्यांनी फोनवर नकाशा बोटानं वर वर ढकलत नेला.
"अहो, अख्खा देश आपल्या पुण्यात मावेल,
वर पार्किंगला जागा उरेल.
आहे का कुणाचं कुणी?"

मी चष्मा पुसत होते.
पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

शाल्मलीच्या शेवटच्या फोनला
दोन वर्षं चार महिने झाले.
ती काय म्हणाली ते आठवतं.
मी काय म्हणाले, ते पाठ आहे.

हात मांडीवरच राहिला.
"नाही ना? मग ठरलं."

पहिलं पान ओव्हाळांनी वाचायचं, हा रिवाज.
समुद्राकाठचं गाव. एक म्हातारी
काळ्या पिठाची भाकरी कापते आहे.
"कापते? भाकरी?" खळदकर उसळले.
"पाव असणार तो. भाषांतर गंडलंय."
ओव्हाळ पानावर बोट ठेवून थांबले.
"काळी आहे, जड आहे, पोटात बसते.
मग भाकरीच की."
पुढे वाचलं: तुकडा खाली पडला तर
उचलून ओठांना लावायचा, अशी तिथली रीत.
शिकलगारबाई हलक्यानं म्हणाल्या,
"आमच्यात डोळ्यांनाही लावतात."
मग कुणीच काही बोललं नाही. बाहेर
कुणीतरी स्कूटर सुरू करत राहिलं.

माझी मुलगी भाकरीचे कडक काठ
ताटाच्या कडेखाली लपवायची.
मला ते ताट उचलल्यावर कळायचं.
तिथे काय करत असेल काठांचं?

प्रत एकच. चिठ्ठ्या टाकल्या, माझा नंबर पाचवा.
मी म्हटलं, मला आधी द्या,
पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.
ऑपरेशन मागच्या वर्षीच झालंय,
डबे घेऊन हेच सगळे आले होते.
कुणी काही म्हणालं नाही.
रास्त्यांनी पहिली चिठ्ठी, स्वतःची,
माझ्यापुढे सरकवली.

उतरताना शिकलगारबाईंनी माझा हात धरला,
गुडघ्यांसाठी.
मधल्या पायरीवर थांबून म्हणाल्या,
"थंडी फार असेल नाही तिकडे?"
असेल, मी म्हटलं.
पुस्तकात असेलच की.